पायगाडीचे पायडल



वऱ्हाडातील अंजनगाव सुर्जी हे नाव आपणां सर्वांस इतिहासाच्या पुस्तकातून परिचित आहे. इ. स. १८०३ च्या २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला आडगावच्या मैदानावर मराठी फौजांचा दुसरा मोड झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे यांचा इंग्रजांशी तह झाला तो शहानूर नदीच्या काठच्या या गावी. त्या तहाने कोणाचा किती मुलूख गेला, याचा विचार इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. आज मला त्याच घटनेतील एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. त्या धामधुमीच्या सव्वातीन महिन्यांत जे खलिते या पयनघाटातून इकडून तिकडे गेले, त्यांचा वेग फार तर घोड्याच्या पायांइतका होता. माणसाच्या स्वतःच्या पायांत घोड्याशी बरोबरी करण्याइतके बळ दडलेले आहे, ही गोष्ट त्या वेळी जगात कोणासही ठाऊक नव्हती. ते बळ बाहेर काढण्यास एक लहानसे साधन हवे होते. ते साधन म्हणजे पायगाडीचे पायडल होय.

आज पायडलाकडे कोणी निरखून पाहत नाही. आपण पाय ठेवतो, रेटा देतो आणि गाडी चालते. पाय थांबवला तरी गाडी पुढे जातच राहते. ही शेवटची सवलत मात्र सायकलीला जन्मतः मिळालेली नाही. सायकलीच्या आयुष्याची पहिली तीस-पस्तीस वर्षे अशी गेली की चाक फिरत असेतोवर स्वाराचे पायही फिरलेच पाहिजेत. चाक आणि पाऊल एकमेकांस जखडलेले असत. अशा सायकलीस आज ‘फिक्स्ड गिअर’ म्हणतात. आपण तिला सोयीसाठी ‘बद्धचक्र’ म्हणू, आणि पाय थांबवू देणाऱ्या नेहमीच्या सायकलीला ‘मुक्तचक्र’ म्हणू. बद्धचक्र सायकलीवर नवे पायडल बसविणे व ते पारखून घेणे हे काम आजही काही थोड्या लोकांस करावे लागते. ते नीट समजून घ्यावयाचे तर पायडलाचा इतिहासच पाहावा लागतो, कारण पायडलाच्या प्रत्येक आट्यामागे कोणाचा तरी अनुभव आहे.

इ. स. १८१७ च्या १२ जून रोजी जर्मनीतील मानहाइम गावी कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थाने दोन लाकडी चाकांच्या यंत्रावर बसून पहिली रपेट केली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबरला, इकडे खडकीस पेशव्यांची शेवटची मोठी झुंज सुरू झाली. ड्राइसच्या यंत्राला पायडल नव्हते. स्वार खोगिरावर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे लोटीत असे. म्हणजे ते बसून धावणेच होते. पाय जमिनीवरून उचलून यंत्रावरच ठेवावेत आणि तेथूनच त्याला गती द्यावी, ही कल्पना रुजण्यास आणखी सुमारे पन्नास वर्षे जावी लागली. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढील चाकाच्या आसालाच दोन दांड्या लावून त्यांवर पायडले बसविण्यात आली. याचे श्रेय पिएर मिशो यास द्यावयाचे की पिएर लालमाँ यास, हा वाद जुना आहे. लालमाँने २० नोव्हेंबर १८६६ रोजी अमेरिकेत या रचनेचे पेटंट मिळविले, एवढे मात्र निश्चित.

या पहिल्या पायडलांचा चाकाशी संबंध अगदी सरळ होता. पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. तेव्हा एका फेऱ्यात अधिक वाट कापावयाची तर चाकच मोठे करावयास हवे. म्हणून १८७० नंतर पुढचे चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत आले आणि मागचे पार लहान झाले. टॉमस स्टीव्हन्स या स्वाराने २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्को सोडले आणि १७ डिसेंबर १८८६ रोजी तो योकोहामाला पोहोचला, तो अशाच ५० इंची चाकावर. वाटेत १८८६ साली त्याने लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपला हिंदुस्थान तुडविला. त्याच्या पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे १३ फूट वाट कापली जाई. उतार लागला म्हणजे चाक भरधाव फिरे आणि त्याच्याबरोबर पायडलेही. पायांस तो वेग झेपेनासा झाला की त्या काळचे धीट स्वार दोन्ही पाय उचलून हातमुठींवरून पुढे टाकीत आणि गाडी दैवाच्या हवाली करीत. वाटेत दगड आडवा आला तर स्वार डोक्यावरच आपटावयाचा.

१८८५ साली जे. के. स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची दोन सारख्या चाकांची सायकल काढली. तिचे पायडल चाकाच्या आसावरून निघून दोन चाकांच्या मध्ये आले, आणि पायडलाची गती साखळीने मागच्या चाकास मिळू लागली. पुढील दातेरी चक्र मोठे व मागील लहान ठेवले की चाक लहान असूनही एका फेऱ्यात वाट पुष्कळ कापली जाते. उदाहरणार्थ, पुढे ४८ दाते, मागे १८ आणि चाक २८ इंची असेल तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल साडेएकोणीस फूट पुढे जाते. उंच चाकाची गरजच उरली नाही. १८८८ साली डनलॉपने हवेचे टायर काढले आणि आजची सायकल बहुतेक सिद्ध झाली. तथापि ही सायकलही बद्धचक्रच होती. साखळी मध्ये आली खरी, परंतु चाक आणि पाऊल यांची गाठ सुटली नाही. म्हणूनच त्या काळच्या सायकलींच्या पुढील काट्यावर दोन लहान खुंट्या असत. उतारावर स्वार पाय त्या खुंट्यांवर ठेवी आणि खाली पायडले आपली आपण गरगर फिरत राहत.

नेमक्या याच काळात सायकल मराठी मुलखात येऊन स्थिरावली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. चित्रकला शिकावयास ते मुंबईस गेले. परंतु डोळ्यांस काही रंगांतील भेद कळेना, म्हणून रंग सोडून यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. मुंबईत त्यांनी सायकल पाहिली, आणि १८८८ साली बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचा व्यवसाय मांडला. सायकली विकावयाच्या, दुरुस्त करावयाच्या आणि घेणाऱ्यास बसावयास शिकवावयाचे, असा तो व्यवसाय. याच दुकानातून पुढे लोखंडी नांगर निघाला, आणि १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्यातील एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. १८८८ सालच्या सायकली बद्धचक्र असत. तेव्हा बेळगावच्या त्या दुकानात शिकावयास येणाऱ्यास पहिला धडा तोल सांभाळण्याचा मिळाला असेल, तर दुसरा धडा निश्चितच हा असणार, की पाय थांबवू नको. आणि दुरुस्ती करणाऱ्याने पायडल जरा सैल ठेवले तर त्याचा परिणाम ग्राहकाच्या गुडघ्यावर होई. अशा यंत्राची निगा राखता राखता जो हात नेमका होतो, तोच पुढे नांगराचा फाळ बेतशीर ओतू शकतो, असे मला वाटते. मराठी कारखानदारीचे एक मूळ सायकलीच्या दुकानात आहे, ते अशा अर्थाने.

मुक्तचक्राची कल्पना जुनीच होती. अमेरिकेत १८६९ सालीच तिचे एक पेटंट निघाले होते. परंतु ती सर्वत्र पसरली १८९८ च्या सुमारास, आणि १९०३ साली जर्मनीच्या एर्न्स्ट झाक्सने मागे पायडल रेटताच ब्रेक लागणारे ‘टॉर्पेडो’ हब काढल्यावर तर बद्धचक्राचे रस्त्यावरचे राज्य संपत आले. असे का व्हावे, हे या वऱ्हाडच्या भूमीवरूनच पाहता येईल. अकोटहून अंजनगावावरून परतवाड्यास जाणारा रस्ता पयनघाटातून, काळ्या सपाट जमिनीवरून जातो. या रस्त्यावर ताशी १२ मैलांच्या वेगाने जाताना मघाच्या ४८ व १८ दात्यांच्या सायकलीवर पायांचे मिनिटास ५४ फेरे होतात. ही चाल सुखाची आहे. परंतु उत्तरेस गाविलगडचा डोंगर उभा आहे. चिखलदऱ्याहून परतवाड्याच्या बाजूस उतरताना सायकल सहज ताशी २४ मैलांचा वेग घेईल. बद्धचक्रावर तेव्हा पायांस मिनिटाला १०८ फेरे करावे लागतील, आणि तेही मैलोगणती, वळणावळणांवर, विसावा न घेता. सपाटीवर जी सायकल मैत्रीण वाटते, ती घाटात मारक होते. सामान्य माणसाने मुक्तचक्र पत्करले यात नवल नाही.

मग बद्धचक्र नाहीसे कसे झाले नाही? याचे उत्तर असे की, त्यात एक गुण आहे जो मुक्तचक्रात येत नाही. बद्धचक्रावर चाकाची प्रत्येक हालचाल पावलाला कळते आणि पावलाची प्रत्येक इच्छा चाकाला. वेग वाढवावयाचा तर रेटा द्यावा, कमी करावयाचा तर वर येणाऱ्या पायडलास पावलाने विरोध करावा. मध्ये सुटे खटके नाहीत, वाया जाणारी हालचाल नाही. म्हणून शर्यतीच्या वर्तुळाकार धावपट्टीवर बद्धचक्रच कायम राहिले. १८९६ च्या अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून धावपट्टीवरील शर्यती होत आल्या आहेत आणि त्यांत आजही बद्धचक्र सायकलच चालते. तिला ब्रेकही नसतो. इंग्लंडातील रस्त्यावरच्या कालमापन शर्यतींतही १९५० नंतर काही काळपर्यंत अनेक स्वार बद्धचक्र पसंत करीत.

आता पायडलाकडेच येऊ. सायकलीच्या दुकानात नवशिक्या पोराला सर्वांत आधी चकविणारी गोष्ट म्हणजे डाव्या पायडलाचे उलटे आटे. उजवे पायडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवून घट्ट होते. डावे त्याच्या उलट फिरवावे लागते. हे का? अमेरिकेतील डेटन गावी राइट बंधूंचे सायकलींचे दुकान होते. १९०० साली त्यांनी ‘सुटून न येणारे पायडल’ म्हणून ज्याची जाहिरात केली, ते हेच. कल्पना सर्वस्वी त्यांचीच होती असे म्हणवत नाही. पण दुरुस्तीच्या दुकानात सैल पायडले पाहून पाहून त्यांना तिचे महत्त्व पटले असावे, हे उघड दिसते. यानंतर तीनच वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, हेच दोघे बंधू विमानातून उडाले. सायकलीच्या दुकानाने नांगर दिला तसे विमानही दिले.

या उलट्या आट्यांमागील कारण मोठे मौजेचे आहे. सामान्यतः असे वाटते की पायडल आपल्या आसाभोवती फिरताना आसालाही थोडे ओढीत असणार, आणि त्याच दिशेने तो घट्ट होत असणार. प्रत्यक्षात याच्या अगदी उलट घडते. छर्ऱ्यांचे घर्षण आसाला सैल करण्याच्याच दिशेने ओढते. परंतु ते अत्यल्प असते. खरी सत्ता दुसऱ्याच गोष्टीची. पायडलाचा आस क्रँकच्या भोकात कितीही घट्ट बसविला तरी केसभर फट राहते. पावलाचा दाब नेहमी खाली असतो आणि क्रँक फिरत असते. त्यामुळे त्या भोकाच्या दृष्टीने दाबाची दिशा सतत फिरत राहते, आणि आस भोकाच्या कडेवरून घरंगळल्यासारखा होऊन विरुद्ध दिशेने कणाकणाने वळतो. मुठीत पेन्सिल सैल धरून तिचे वरचे टोक बोटाने गोल फिरवून पाहा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने वळू लागेल. हीच गोष्ट पायडलात घडते. उजव्या बाजूस त्यामुळे सुलटे आटे आवळले जातात आणि डाव्या बाजूस उलटे. दोन्हीकडे सुलटे आटे ठेवले असते तर डावे पायडल दर मैलागणिक थोडे थोडे सुटत गेले असते.

येथे एखादा चौकस श्रोता विचारील की, बद्धचक्रावर तर वेग कमी करण्यासाठी आपण पायडलास विरोध करतो; मग तेव्हा पायडल सैल होणार नाही काय? शंका रास्त आहे, पण तिचे निरसन सोपे आहे. विरोध केला तरी पायडले फिरतात पुढेच, आणि वर येणाऱ्या पायडलावर आपण दाब देतो तोही खालीच. भोकाच्या दृष्टीने दाब फिरण्याची दिशा तीच राहते. म्हणून पायडल सुटत नाही. मागील चाकावरच्या लहान दातेरी चक्राची गोष्ट मात्र निराळी. विरोधाचा सारा जोर साखळीमार्गे त्याला सोडविण्याच्या दिशेने येतो. यासाठी बद्धचक्राच्या हबवर त्या चक्राच्या बाहेर उलट्या आट्यांची एक कडी आवळलेली असते. चक्र सुटू पाहील तर त्या कडीला रेटून ती अधिकच घट्ट करील, अशी ही योजना आहे.

आता नवे पायडल बसविण्याचा विधी. प्रथम मापाची खात्री करावी. आपल्याकडील बहुतेक पायडलांचा आस ९/१६ इंची असतो आणि त्यावर इंचास २० आटे असतात. जुन्या फ्रेंच सायकलींत १४ मिलिमीटरचे माप असे. दोहोंत इतका थोडा फरक आहे की चुकीचे पायडल दोन फेरे आत जाते आणि मग अडते. अशा वेळी जोर करणारा माणूस क्रँकचे आटे कायमचे खातो. म्हणून पहिले काही फेरे हातानेच द्यावेत, पाना नंतर. आसावर कोरलेले डावे-उजवे चिन्ह पाहावे, आटे पुसावेत, थोडे ग्रीस लावावे. घट्ट करण्याची दिशा लक्षात ठेवण्यास एक सोपा नियम आहे: पान्याचे वरचे टोक पुढील चाकाकडे नेले की दोन्ही पायडले आवळली जातात आणि मागील चाकाकडे नेले की दोन्ही सुटतात. डावे-उजवे, सुलटे-उलटे यांचा गोंधळ या एका नियमाने मिटतो.

त्यानंतर छर्ऱ्यांची बैठक पाहावयाची. पायडल बोटाने फिरवून सोडावे. ते चटकन अडून थांबले तर आत कोन अधिक आवळला आहे. बोटांत धरून हलविताना टकटक लागली तर सैल आहे. कोन हळूहळू फिरवून या दोन टोकांच्या मध्ये आणावा, आणि त्यावरचा नट आवळताना कोन स्वतःच फिरणार नाही याची काळजी घ्यावी. मुक्तचक्र सायकलीवर थोडी हयगय चालून जाते, कारण काही बिघडलेसे वाटताच पाय थांबवून खाली पाहता येते. बद्धचक्रावर ही सोय नाही. पायडल बिघडले तरी ते फिरतच राहते, आणि त्याच पायडलावर थांबण्याचीही भिस्त असते. म्हणून रस्त्यावर चालवावयाच्या बद्धचक्र सायकलीला निदान पुढचा ब्रेक असलाच पाहिजे.

पारखण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी मागचे चाक उचलून पायडले हाताने फिरवावीत आणि साखळी कोठे ताठ, कोठे सैल होते ते पाहावे. मग मोकळ्या सपाट जागी हळू चालवून, पावलांनी विरोध करून थांबून पाहावे. त्यानंतर वळण. येथे बद्धचक्रात दोन धोके आहेत. एक असा की, वळताना आतल्या बाजूचे पायडल वर धरून ठेवता येत नाही. सायकल कलली आणि ते त्याच वेळी खाली आले तर जमिनीला घासून मागचे चाक उचलले जाते. नवे पायडल जुन्यापेक्षा अर्ध्या इंचाने रुंद असेल तर काल निर्धोक असलेले वळण आज घातक ठरू शकते. म्हणूनच धावपट्टीच्या सायकलीत क्रँका लहान, बहुधा १६५ मिलिमीटरच्या, आणि त्यांचा आस जमिनीपासून उंच ठेवलेला असतो. दुसरा धोका असा की, हळू वळताना पायाचा पंजा पुढील चाकास अडकू शकतो. नव्या पायडलावर पाऊल पुढे सरकत असेल तर हे पहिल्याच वळणात कळते. म्हणून ते पहिले वळण मैदानातच घ्यावे. शेवटी दोन-चार कोस जाऊन आल्यावर पाना पुन्हा एकदा लावून पाहावा.

पाऊल पायडलावरून निसटले तर बद्धचक्राचे पायडल फिरत येऊन नडगीवर बसते. यासाठी १८९० नंतरच्या दशकातच पंजा अडकविण्याच्या लोखंडी कड्या आणि चामडी पट्टे आले. जपानात २० नोव्हेंबर १९४८ रोजी कोकुरा येथे ‘केइरिन’ नावाच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांतील व्यावसायिक स्वार आजही कडी आणि पट्टाच वापरतात. इतरत्र मात्र १९८४ साली फ्रान्सच्या लूक कंपनीने बुटाच्या तळव्यालाच पायडल खटक्याने जोडण्याची युक्ती काढली आणि १९८५ साली बर्नार इनो याने तीवर टूर द फ्रान्स जिंकल्यावर ती जगभर पसरली.

हिंदुस्थानी स्वारांचा या धावपट्टीशी संबंध जुना आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू उतरले होते. त्यांत मुंबईचे पारशी तरुण पुष्कळ होते. १९५१ साली दिल्लीस झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत धावपट्टीवरील सायकलशर्यतींचा समावेश होता. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीस जे क्रीडानगर उभारले, त्यात सायकलींची उतरती धावपट्टीही बांधण्यात आली. आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांत भारताच्या ज्या मुली धावपट्टीवर उतरल्या, त्यांत मयुरी लुटे आणि शुशिकला आगाशे या दोघी आपल्या विदर्भातल्या, भंडारा जिल्ह्यातल्या होत्या. ज्या बद्धचक्राला घाटातल्या सामान्य माणसाने शतकापूर्वी निरोप दिला, त्याच बद्धचक्रावर बसून विदर्भाच्या मुली लंडनच्या धावपट्टीवर वळणे घेत होत्या. त्यांच्या पायडलांच्या आट्यांत आणि अंजनगावच्या बाजारात पानांच्या करंड्या लादून येणाऱ्या सायकलीच्या आट्यांत तत्त्वाचा काडीचाही फरक नाही. उजवे सुलटे, डावे उलटे.

हे ज्ञान इतक्या दूरवर पोहोचले ते पुस्तकांमुळे नव्हे. गावोगावच्या बाजारपेठेत, तासाच्या भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानांत, मिस्त्रीने हाताखालच्या पोराच्या हातात पाना देऊन ते दिले. ‘डाव्याला उलटं फिरव रे’ एवढेच त्याचे सूत्र. त्यामागील कारण सांगणारे थोडे होते, पण सूत्र पाळणारे सर्व होते, आणि त्यांच्या पाळण्यावर हजारो लोकांचे हातपाय शाबूत राहिले. भाड्याच्या सायकलींची ती दुकाने आता बहुतेक गावांतून उठली आहेत. तहनामे दप्तरखान्यात जपून ठेवले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु मिस्त्रीच्या हातचे ज्ञान ठेवण्यास दप्तरखाना नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले तरच टिकते. तेव्हा आपल्या गावात एखादा जुना सायकलमिस्त्री अजून दुकान उघडून बसत असेल, तर त्याच्याजवळ घटकाभर बसावे, तो पायडल कसे बसवितो ते पाहावे, आणि घरातील एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती पाना देऊन ते एकदा तरी करवून घ्यावे.